काडी बोचतेय

त्या रविवारी आप्पा निकाल देणार होते, आणि नेमकं त्याच रविवारी त्यांचं डोकं पुन्हा दुखायला लागलं.

“लागलंच का?” दादाने चमचा ताटात ठेवला. “मला वाटलंच होतं. विषय निघाला की यांचं दुखणं निघतं.”

“विषय निघालेला नाही अजून,” आत्या म्हणाली. “तू काढलास.”

आप्पांनी चष्मा उतरवून ताटाशेजारी ठेवला होता आणि डाव्या कानशिलाजवळ दोन बोटं अलगद धरली होती. दाबत नव्हते, नुसती धरली होती, तव्याला हात लावून बघावा तशी. “काडी बोचतेय,” ते पुटपुटले.

आता ती काडी खरं म्हणजे कानशिलाला बोचत होती, पण टोचली धाकट्याला. त्याने पाण्याचा पेला उगाच थोडा सरकवला.

त्या फ्रेमची डावी काडी त्याने स्वतःच्या हाताने किती वेळा सैल केली होती याला गणती नव्हती. गरम करून वाकवली, मग सरळ केली, पातळ काडी बसवून पाहिली, शेवटी तिच्यावर मऊ रबराची नळी चढवली. तरी आप्पांचं एकच पालुपद. चार लोकांत, गिऱ्हाइकांसमोर सुद्धा. आणि दादाला तेवढंच हवं असायचं. “गिऱ्हाइकाला काडी बोचली तर ते दुसरं दुकान बघतं,” तो काउंटरवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा. “आप्पा बिचारे कुठे जाणार?” धाकट्याने मनाशी पक्कं धरलं होतं, की आप्पांना आपलं काम पसंत नाही आणि निकाल कोणत्या बाजूने लागणार हे ते काडीच्या निमित्ताने आधीच सांगून ठेवतायत.

भांडण तसं जुनंच, फक्त त्याला आता टोक आलं होतं. खाली दुकान, वर घर. दुकानात पुढे काउंटर, तिथे दादा. मधे डोळे तपासायची खोली, तिथे धाकटा. आणि सगळ्यात मागे घासणीची खोली. तिथे चाकासमोरच्या लाकडी स्टुलावर बसून आप्पा उभा जन्म भिंगं घासत आले होते, त्यांच्याआधी आजोबा. दादाचं म्हणणं, कंपनीकडून भिंगं तयार कापून येतात, मग त्या चाकाच्या घरघरीला आता अर्थ काय? मागची भिंत पाडा, आरसे लावा, दिवे लावा, फ्रेमा मांडा. धाकट्याचं म्हणणं, ज्याचा नंबर आडवातिडवा आहे त्या माणसाने मग जायचं कुठे? मधली खोली मागच्या खोलीच्या जिवावर उभी आहे. आई होती तोवर हे वाद जेवणाच्या टेबलापर्यंत यायचे आणि तिथेच विरघळायचे. ती गेल्यापासून दोघे भाऊ एकमेकांशी तिसऱ्याच्या तोंडाने बोलत होते. आप्पांचा शब्द शेवटचा, हे दोघांनाही मान्य होतं. पण आप्पा ताकास तूर लागू देत नव्हते. आज सांगतो, पुढच्या रविवारी सांगतो, आज डोकं दुखतंय.

बरं, या घरात डोकेदुखी ही काही घाबरायची गोष्ट नव्हती. तीन पिढ्या ज्यांनी चष्मे केले त्यांच्या लेखी डोकेदुखीची कारणं दोनच: एक तर नंबर बदलला, नाहीतर फ्रेम नीट बसली नाही. कुणी कपाळाला हात लावला की दुसऱ्याने म्हणायचं, “ये, बस खुर्चीत.” वहिनी नवी नवरी म्हणून आली तेव्हा रोज संध्याकाळी डोकं धरून बसायची. आप्पांनी तिलाही खुर्चीत बसवलं, चष्मा करून दिला, आणि महिन्याभरात तिचं डोकं थांबलं. त्या चष्म्यात साधी काच होती, नंबर काहीच नव्हता, हे आप्पांनी पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं. तेव्हा वहिनीसकट सगळं घर पोट धरून हसलं होतं.

आता वहिनी हसत नव्हती. आप्पांच्या ताटापाशी उभी राहून ती उरलेल्या अन्नाकडे बघत होती.

“झालं?” ती म्हणाली.

“झालं.”

“सफरचंदाची एक फोड खाल्लीत. तीही अर्धी.”

“भूक नाही.”

“भूक नाही की माझ्या हातचं नको?” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तो खाली गेला की दादासुद्धा सावध व्हायचा. “रोजचं झालंय हे. दोन घास चावायचे, थांबायचं, गाल धरायचा, ताट सारायचं. मी काय दगड शिजवते? नको असेल तर सांगावं ना कुणीतरी स्पष्ट. दातांच्या डॉक्टरांना दाखवून झालं. दातांत काही नाही म्हणाले ते. मग उरलं काय? मीच उरले.”

“अगं, तसं काही…” आप्पा म्हणाले आणि थांबले. बोलणंही त्यांना जड जात होतं.

“तुझंच कशाला?” आत्या मध्ये पडली. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर या घरात आली आणि तेव्हापासून जो पक्ष हरत असेल त्याच्या बाजूने बोलायचं असा तिचा नेम होता, त्यामुळे तिची बाजू एका जेवणात दोनदा बदलायची. “मी केलेलं तरी कुठे खातो हा? आणि ते केस बघा. घरटं झालंय. परवा लग्नाला जायचं म्हणून मी आपली फणी घेऊन गेले, तर अंगावर ओरडला माझ्या. जन्मात ओरडला नव्हता. म्हणे हात लावू नकोस अक्का, केसांची मुळं दुखतात. केसांची मुळं कुणाची दुखतात का कधी? कुशीवर निजत नाही, उशी टोचते म्हणतो. म्हातारपणी माणूस हट्टी होतो ते ऐकलं होतं, पण इतका?”

“काडी टोचते, उशी टोचते, फणी टोचते, जेवण टोचतं,” दादा म्हणाला. “एवढ्यावरून समजायचं ते समजा. निकाल द्यायचा नाहीये.”

धाकटा ऐकत होता. म्हणजे आधी तोही नेहमीसारखंच ऐकत होता, आपल्यावर काय येतंय आणि दादावर काय जातंय एवढ्यापुरतं. पण आत्याच्या बोलण्यातल्या केसांच्या मुळांपाशी तो अडकला. रस्त्याने जाताना ओळखीचा चेहरा दिसावा, नाव आठवू नये आणि पाय आपोआप थांबावेत, तसं झालं.

केसांची मुळं. कानशील. चावताना गाल.

“वहिनी,” तो म्हणाला, “गाल कुठला धरतात?”

वहिनीने वळून पाहिलं. तो आपल्याशी थेट बोलला याचंच तिला नवल वाटलं असावं. “डावा.”

“पहिल्या घासालाच, की थोडं चावल्यावर?”

“थोडं चावल्यावर. मग थांबतात. जरा वेळाने बरं वाटतं, पुन्हा खायला घेतात. पुन्हा तेच.” ती थबकली. “का हो भाऊजी?”

“हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.”

“तुम्ही बोलता कुठे माझ्याशी?”

धाकट्याला जुना वर्ग आठवला. डोळे तपासायचं शिक्षण घेतलं तेव्हा एक चिडखोर मास्तर त्यांना शिकवायचे. ते टेबलावर हात आपटून सांगत, की पन्नाशी ओलांडलेला माणूस आला, आयुष्यात कधी नव्हतं असं डोकं दुखू लागलंय म्हणाला, कानशिलाला हात लावू देईना, चावताना जबडा भरून येतो म्हणाला, तर त्याला चष्मा करू नका रे. त्याच दिवशी इस्पितळात धाडा. चष्मा थांबतो, डोळा थांबत नाही. धाकट्याला ते वाक्य पाठ होतं. नुसतं पाठ नव्हतं. गेल्या वर्षी शिवणकाम करणाऱ्या एक बाई अशाच आल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधता येत नाही म्हणत. त्याने त्यांना खुर्चीतून उठवून रिक्षात बसवून दिलं होतं, आणि नंतर त्यांच्या मुलाने येऊन त्याचे हात धरले होते. त्या बाईंचं दुखणं त्याने एक प्रश्न विचारून ओळखलं. आणि आप्पा? आप्पा रोज समोर बसून सांगत होते, आणि तो काडी वाकवत बसला होता. पण आप्पा थोडेच गिऱ्हाईक होते! गिऱ्हाईक बोललं की त्याचं दुखणं ऐकू येतं. घरातलं माणूस बोललं की टोमणा ऐकू येतो.

“आप्पा, डोळ्यांना काही होतंय? अंधारी येते?”

“छे.” उत्तर फार लवकर आलं. “डोळे ठणठणीत. तूच तर तपासतोस.”

तेही खरं होतं. दर वेळी आप्पा खुर्चीत बसत आणि शेवटची ओळ घडाघडा वाचत. नंबरात काडीइतकाही फरक नव्हता.

“हे काय चाललंय?” दादाची खुर्ची मागे सरकली. “विषय काय, तू विचारतोस काय? कळलं मला. निकाल आपल्याविरुद्ध जाणार असं वाटलं की माणूस असाच निकाल देणाऱ्याला आजारी पाडतो.”

“तू मघाशी म्हणालास, ते ढोंग करतायत.”

“मी ढोंग नाही म्हणालो.”

“म्हणालास,” आत्या म्हणाली. “मी ऐकलं.”

“तू कोणाच्या बाजूने आहेस, आत्या?”

“मी जेवायच्या बाजूने आहे. निवतंय सगळं.”

“पुरे,” आप्पा म्हणाले. “मला काही झालेलं नाही. वय झालं. पाणी पितो, जरा पडतो, मग बोलू.” त्यांनी जग उचलला आणि पेल्यात पाणी ओतलं.

पाणी पेल्यात पडलं नाही. पेल्याच्या डाव्या अंगाला, टेबलावर पडलं, आणि तिथून धार वहिनीच्या पायांवर. आप्पा ओततच होते. पेला भरायची वाट बघत होते.

“अहो आप्पा!” वहिनीने जग धरला.

“आता पाण्यावर राग,” दादा म्हणाला. पण त्याच्या आवाजातली धार गेली होती. त्याने हे वाक्य सवयीने म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर तोच टेबलावरच्या पाण्याकडे बघत राहिला.

“खाली चला, आप्पा,” धाकटा म्हणाला. “डोळे बघू.”

“परवाच बघितलेस.”

“परत बघू.”

आप्पा उठले, आणि एकदम हुशारल्यासारखे म्हणाले, “चला. सगळेच चला. सगळ्यांसमोर वाचून दाखवतो, म्हणजे तोंडं बंद होतील एकेकाची.”

जिना उतरताना त्यांचा डावा हात भिंतीवरून सरकत होता. मागून आत्या, वहिनी, आणि सगळ्यात शेवटी, बघू तरी, म्हणत दादा.

बंद दुकानात फ्रेमांवर कापडं टाकलेली होती. मधल्या खोलीत तीच उंच खुर्ची, तोच गोल आरसा, आणि समोरच्या भिंतीवर आजोबांनी टांगलेला अक्षरांचा तक्ता. वर एकच टोपलीएवढं अक्षर, खाली लहान होत होत मुंगीएवढी. या घरातली मुलं शाळेच्या आधी या तक्त्यावर अक्षरं शिकली. दादाला लहानपणी ताप आला की तो झोपेत या तक्त्याच्या ओळी बडबडायचा, असं आई सांगत असे.

हे आठवलं आणि धाकट्याचा हात दिव्याच्या बटणावरच थांबला.

त्याने दिवा लावला. आप्पांना बसवलं. काळी झाकणी त्यांच्या डाव्या डोळ्यावर धरायला दिली. उजव्याने आप्पांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. “बघा,” ते म्हणाले.

“आता उजवा झाका. नीट झाका.”

आप्पांनी झाकला. तेवढ्यात धाकट्याने हात पुसायचा निळा टॉवेल खुंटीवरून काढला, चपलांचा आवाज होऊ न देता तक्त्यापर्यंत गेला आणि तो वरून टाकला. तक्ता आख्खा झाकला गेला. त्याने मागे वळून दारातल्या तिघांकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

“वाचा, आप्पा.”

“र,” आप्पा म्हणाले. “खालची ओळ. ग, ठ. त्याच्या खाली प, न, ल.” ते टॉवेलकडे बघत होते. चेहरा शांत होता. पाचव्या ओळीवर ते जरा अडखळले, मान किंचित पुढे काढली, अगदी खरं गिऱ्हाईक काढतं तशी. “हा म आहे की भ? म. म आहे.”

तो म होता. टॉवेलच्या मागे, पाचव्या ओळीत तिसरा.

आत्याच्या तोंडून काही निघणार होतं. वहिनीने तिचा दंड धरला. दादा चौकटीला टेकला होता, तो सरळ उभा राहिला.

“आप्पा,” धाकटा म्हणाला, “तक्त्यावर टॉवेल टाकलाय मी.”

आप्पांनी झाकणी खाली घेतली नाही.

“कुठला टॉवेल?”

“हात पुसायचा.”

“अस्सं,” आप्पा म्हणाले. मग झाकणी हळूच मांडीवर ठेवली.

“कधीपासून?”

“आज सकाळी. दाढी करताना. आधी यायचं जायचं. पडदा सोडल्यासारखं, वरून खाली. थोड्या वेळाने पुन्हा उघडायचं. मी म्हटलं, आजही उघडेल.” त्यांनी भिंतीकडे पाहिलं. “दुपार झाली, नाही उघडलं.”

“सांगायचं नाही का, आप्पा?” दादा म्हणाला. त्याचा आवाज फाटला.

“कोणाला सांगू?” आप्पा पहिल्यांदाच रागावून बोलले. “याला सांगितलं तर तू म्हणणार, म्हातारा त्याच्या पदराखाली गेला. तुला सांगितलं तर उद्या मागची भिंत पाडशील. एका डोळ्याच्या माणसाला चाकावर कोण बसवतं? मी म्हटलं, आधी निकाल देतो, मग काय व्हायचं ते होऊ दे. निकालच सुचेना. डोकं नुसतं ठणकत होतं.”

धाकट्याने बारीक विजेरी घेतली आणि आप्पांच्या एकेका बाहुलीवर प्रकाश टाकला. उजवीवर, डावीवर, पुन्हा उजवीवर. प्रकाश डावीवर आला की बाहुली आक्रसायची ती उलट पसरत होती. त्याने विजेरी बंद केली.

“इस्पितळात जायचं. आत्ता.”

“रविवारचं कोण असतं तिथे?” आत्या म्हणाली. “शिकाऊ पोरं असतात. उद्या सकाळी आपल्या डॉक्टरांकडे जाऊ ना. ते ओळखतात याला. डोकेदुखीच तर आहे, रात्रीत काय…”

“आत्या, डावा गेलाय. उजवा उद्या सकाळपर्यंत राहील असं मला कोणी लिहून देणार आहे?”

धाकट्याला स्वतःचंच वाक्य ऐकून भीती वाटली. आपण चुकत असलो तर? बापाला सगळ्यांसमोर असं उघडं पाडलं, आणि निघालं भलतंच काही तर? पण मग त्याला वाटलं, चुकलो तर दादा जन्मभर हसेल, आणि बरोबर असून गप्प बसलो तर आप्पा जन्मभर चाचपडतील. हसू दे.

“मी गाडी काढतो,” दादा म्हणाला. तो निघालासुद्धा.

इस्पितळातल्या तातडीच्या खिडकीपाशी बोलायचं काम आपोआप दादाकडे आलं. घरातलं बाहेरचं बोलणं नेहमी तोच बोलायचा. जाळीमागच्या नर्सने मान वर न करता विचारलं, “काय होतंय?”

“डोकं दुखतंय यांचं,” दादा म्हणाला.

“बसा. नंबर आला की बोलावतील.”

ते बसले. समोर एक मुलगा गुडघ्याला बर्फ लावून बसला होता, एक माणूस भाजलेला हात पुढे धरून होता. भिंतीवर घड्याळ होतं, त्याकडे धाकट्याला बघवेना. आप्पा उजव्या डोळ्याने जमिनीवरच्या फरशा न्याहाळत होते. मग त्यांनी उजवा डोळा मिटला, उघडला. परत मिटला, उघडला. ते आपलं आपण तपासून बघत होते. आहे का अजून, आहे का.

धाकटा उठला. त्याला अनोळखी माणसांशी आपणहून बोलायला जमत नसे. दुकानात सगळे अनोळखीच येत, पण ते त्याच्या खुर्चीत बसत आणि बोलायचं ते बसलेल्यांनी. इथे खिडकीच्या चुकीच्या बाजूला तो उभा होता.

“बाई,” तो म्हणाला.

“नंबर आला की…”

“बाई, ऐकून घ्या. वय सत्तरच्या पुढे. डोकं असं आधी कधी दुखलं नव्हतं, गेल्या काही आठवड्यांतलं आहे. कानशिलाला हात लावू देत नाहीत. चावताना जबडा भरून येतो. आणि आज सकाळी डाव्या डोळ्याची नजर गेली.”

नर्सने मान वर केली. “नजर गेली म्हणजे?”

“दिसत नाही. काहीच.”

“मग आधी ते सांगायचं ना!” ती उठून आतल्या दाराकडे वळली होती. “डोकं दुखतंय काय म्हणता! कुठे आहेत ते?”

आतली डॉक्टर तरुण होती, आत्याच्या शब्दांत शिकाऊ पोर. तिने आप्पांच्या कानशिलावर बोट ठेवलं, आणि आप्पांनी मान मागे घेतली तेव्हा तिने बोट लगेच काढलं. “इथे दोरीसारखी शीर लागतेय,” ती म्हणाली. “किती दिवस झाले दुखायला लागून?”

“महिना,” वहिनी म्हणाली.

“त्याहून जास्त,” आत्या म्हणाली.

“भिंतीचा विषय निघाल्यापासून,” दादा म्हणाला आणि ओशाळला.

डॉक्टरने तिघांकडे पाहिलं, मग आप्पांकडे वळली. “काका, तुम्ही सांगा.”

आप्पांनी सांगितलं. तुटक, पण सगळं. खांदे सकाळी धरतात, हात वर जात नाहीत, अंगात कसकस असते, हेही सांगितलं, जे घरात कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर ऐकत होती आणि ऐकता ऐकताच नर्सला खुणा करत होती. रक्त काढलं. डोळ्यांच्या डॉक्टरांना निरोप गेला. हाताला सुई लागली आणि बाटली टांगली गेली.

“तपासण्यांचे निकाल यायला वेळ आहे ना?” धाकट्याने विचारलं.

“आहे. पण औषध त्यांच्यासाठी थांबवायचं नसतं. डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज आलीय. डोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिनीतही तीच सूज असणार. डाव्याचं पुढे बघू. आत्ता माझं लक्ष उजव्यावर आहे.” मग तिने विचारलं, “यांना आणायचं कोणाला सुचलं?”

धाकट्याला वाटलं, आपण म्हणावं, मला. पण ते खरं नव्हतं. काडी त्याच्याकडे होती, गाल वहिनीकडे होता, केस आत्याकडे होते. “घरात बोलणं निघालं,” तो म्हणाला.

बाहेरच्या बाकावर दादा गुडघ्यांवर कोपरं टेकवून बसला होता. धाकटा त्याच्या शेजारी बसला. मधे एका माणसाची जागा सोडली, सवयीने.

“माझंही डोकं ठणकतंय,” दादा जमिनीकडे बघत म्हणाला. “मलाही तसलं काही…”

धाकट्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. “कुठे दुखतंय?”

“सगळीकडे. पट्टा आवळल्यासारखं.”

“आजच?”

“भांडण झालं की होतं. कॉलेजात होतो तेव्हापासून.”

“कानशील दाब. दुखतं?”

दादाने दाबलं. “नाही.”

“नीट दिसतंय? हातापायांत मुंग्या? बोलताना जीभ अडखळते?”

“जीभ कधी अडखळलीय का माझी?”

“मग चहा घे आणि गप्प बस. हे तुझं नेहमीचं आहे. यापेक्षा वेगळं काही झालं, कधी नव्हतं तसं, तर मला सांगायचं. काउंटरवरून ओरडून नाही. येऊन सांगायचं.”

दादाने मान हलवली. जरा वेळाने तो उठला आणि दोन चहा घेऊन आला.

औषधाने आप्पांचं डोकं एका रात्रीत उतरलं. सकाळी त्यांनी आत्याकडून केस विंचरून घेतले आणि वहिनीने आणलेली फोड न थांबता चावली. वहिनी बघत उभी राहिली, आणि मग तोंड फिरवून पिशवीत काहीतरी शोधायला लागली. तपासण्यांचे निकाल डॉक्टरच्या अंदाजाला धरून आले. पण डोळ्यांचे डॉक्टर रोज यायचे, दोन्ही डोळ्यांवर प्रकाश टाकायचे, “बघू या, बघू या” म्हणायचे आणि जायचे. त्या “बघू या”ने घरातल्या कोणाच्याही घशाखाली घास उतरत नव्हता. उजव्याची नजर रोज सकाळी मोजली जायची, आणि ती मोजून होईपर्यंत धाकटा खोलीबाहेर उभा राहायचा. नजर मोजणारं माणूस वेगळं असलं तर बरं, असं त्याने स्वतः सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर गेल्यावर आप्पांनी त्याला जवळ बोलावलं. धाकटा खिडकीच्या बाजूला, आप्पांच्या उजव्या हाताशी बसला. दादा पलंगाच्या दुसऱ्या अंगाला खुर्ची टाकून बसलेला होता.

“हे डॉक्टर गोड बोलतात,” आप्पा म्हणाले. “मीही गोड बोलायचो गिऱ्हाइकांशी. तू सांग. डावा परत येईल?”

धाकट्याने पलंगापलीकडे दादाकडे पाहिलं. दादाची मान नाही म्हणत होती. नको सांगूस, आज नको. धाकट्यालाही तेच वाटत होतं. एखादा शब्द मधला काढता आला असता, काडी वाकवल्यासारखा. पण या घरात गेले कित्येक आठवडे सगळे एकमेकांना सांभाळून, किंवा एकमेकांवर डाव ठेवून, खरं तेवढं गिळत आले होते, आणि एक डोळा त्यातच गेला होता.

“नाही येणार, आप्पा,” तो म्हणाला. “उजवा राहील. औषध मनाने सोडलं नाहीत, काही वेगळं वाटलं की त्याच घटकेला सांगितलंत, तर राहील. डावा नाही.”

आप्पांनी डोळे मिटले. मिटलेल्या दोन्ही पापण्या सारख्याच दिसत होत्या. दादाने धाकट्याकडे असं पाहिलं, की दादा आता उठून निघून जाईल असं वाटलं.

“थोरल्या,” आप्पा डोळे उघडून म्हणाले, “आहेस का तू?”

“इथेच आहे, आप्पा. तुमच्या शेजारी.”

“मग इकडे येऊन बस. तिकडून मला दिसत नाहीस तू.”

दादा उठला. खुर्ची उचलून पलंगाला वळसा घालून आला. खिडकी आणि पलंग यांच्यामधली जागा एका खुर्चीचीच होती.

“सरक,” तो म्हणाला.

धाकटा सरकला.